कारध्यातली आफ्रिका

“पाच महिन्यांत सुट्टी कोन देते, आत्या? नोकरी आहे ते, मामाचं गाव नोहे.”

“देतेत. तिकडचे लोक दिलदार रायतात.”

“तुमाले कोनं सांगतलं?”

“तेजरामनं.”

“अन् त्याईले कोनं सांगतलं? ते तरी कुठं गेले तिकडं?”

रुखमिणीबाईंनी पाट्यावरच्या भिजवलेल्या लाखोरीच्या डाळीवर वरवंटा जरा जोरात घातला. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, उद्यावर आली होती, वडे व्हायचे होते, आणि सुनेनं नेमका हाच मुहूर्त धरून खरं बोलायला सुरुवात केली होती. खरं बोलायलाही वेळकाळ असतो, असं रुखमिणीबाईंचं मत होतं. मंडईच्या आदल्या दिवशी तो मुळीच नसतो.

“हळू बोल,” त्या म्हणाल्या. “भिंतीले कान रायतात.”

“भिंतीले कायले पायजे? साऱ्या गावाले आहेत.”

भांडण साधं होतं. रुखमिणीबाईंचा मुलगा आणि ललिताबाईंचा नवरा तेजराम हा सानगडी गावाच्या हिशेबानं आफ्रिकेत इंग्रजी शिकवत होता. घरच्यांच्या हिशेबानं तो कारध्याला थोरल्या बहिणीच्या, पुष्पाच्या घरी, मागच्या खोलीत राहत होता. कारधा म्हणजे भंडाऱ्यासमोर, वैनगंगेच्या अलीकडच्या काठावर. सानगडीहून एसटीनं निघालं तर सकाळचा चहा पचायच्या आत येतं. आता रुखमिणीबाईंनी ठरवलं होतं की उद्या, भर मंडईच्या दिवशी, तेजरामनं दुपारच्या बसनं आफ्रिकेहून सुट्टीवर यायचं. भंडाऱ्याच्या शिंप्याकडून कोट शिवून झाला होता. काळा चष्मा आला होता. ट्रंक जावयाची होती, तिच्यावरचं जावयाचं नाव खरवडून काढलं होतं.

“शकुनले पाहाले पाहुणे येऊन राहिले,” सासूनं धाकट्या लेकीचा विषय काढला. “भाऊ आफ्रिकेत म्हणून येऊन राहिले. भाऊ दिसाले नको?”

“अन् मंग माझ्या जागेचं काय? या महिन्यात होकार नाही गेला तं ते जागा दुसऱ्या कोनाले जाईन.”

वरवंटा थांबला. पाच महिन्यांत या घरात ‘माझी जागा’ हे दोन शब्द कुणी एकत्र उच्चारले नव्हते.

“शकुनचं जमू दे,” रुखमिणीबाई शेवटी म्हणाल्या, “मंग पाहू.” आणि त्या ‘पाहू’चा अर्थ ललिताबाईंना सहा वर्षांच्या संसारात चांगला कळला होता.

ललिताबाई मूळच्या वरठीच्या. वडील भंडारा रोड स्टेशनवर पॉइंट्समन. रेल्वेच्या क्वार्टरांत शेजारी असिस्टंट स्टेशनमास्तर होते, केरळातले. त्यांच्या बायकोला ना मराठी येई ना हिंदी. कॉन्व्हेंटात शिकलेली, तेव्हा इंग्रजी येई. ललिताबाईंच्या आईला तर वरठीच्या पलीकडची कुठलीच भाषा येत नव्हती. पण दोन स्वयंपाकघरं शेजारीशेजारी असली की देवघेव थांबत नाही. एकीला चिंच पाहिजे, दुसरीला खोबरं. मधल्या मधे निरोप पोचवायला लहान ललिता धावायची. अशी ती इंग्रजी शिकली. तिच्या इंग्रजीला आधी हळदीचा वास लागला, शाईचा पुष्कळ नंतर. पुढे भंडाऱ्याला बी.ए., नागपूरला बी.एड. झालं आणि वडिलांनी स्थळ शोधलं तेही इंग्रजीवालं. बैलजोडी एका उंचीची असली की नांगर सरळ चालतो, एवढाच त्यांचा विचार.

तेजरामचं इंग्रजी मात्र वेगळ्या जातीचं होतं. गारुड्याच्या टोपलीत नाग असतो तसं ते पुस्तकात असे. तास सुरू झाला की तेजराम मास्तर टोपलीचं झाकण उघडायचे, एक ओळ वाचून नाग दाखवायचे, लगेच झाकण लावायचे आणि उरलेला वेळ नागाविषयी मराठीत बोलायचे. पोरांना हे आवडे. भीती वाटत नसे. मॅट्रिकला निम्मी पोरं इंग्रजीत नापास होत, पण मास्तरांविषयी कुणी वाईट बोलत नसे, कारण पोरांच्या बापांनाही असंच शिकवलं गेलं होतं.

नोकरीचं म्हणाल तर भंडारा जिल्ह्यात शाळा पुष्कळ होत्या. पण शाळा संस्थेची, संस्था अध्यक्षाची, आणि अध्यक्षाला भाचे-पुतणे असायचेच. तेजरामला दरवर्षी जुलैत नेमायचे आणि एप्रिलात काढायचे. उन्हाळ्याचा पगार वाचे. जुलैत पुन्हा नमस्कार करायला गेलं की अध्यक्ष म्हणत, “या मास्तर, तुमचीच वाट पाहून राहिलो होतो.” ललिताबाईंना तर तेवढंही मिळालं नाही. “एका घरात दोन मास्तर कायले?” अध्यक्ष म्हणाले होते, आणि सोमाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्यावर अशी मान डोलावली होती की जणू त्यांच्याच तोंडचे शब्द अध्यक्षांनी उचलले.

अशात गोंदियाकडचा एक मास्तर नायजेरियात इंग्रजी शिकवायला गेला आणि वर्षभरात त्याच्या घरावर स्लॅब चढला. मग काय. जिल्ह्यातला प्रत्येक एप्रिलात काढलेला मास्तर नकाशा उघडून बसला. तेजरामनंही अर्ज केला. पासपोर्ट दोघांचे काढले, कारण तिकडे स्वयंपाकाला बायको लागेल. लहानग्या लेकीचं, सुलूचं, नाव आईच्या पासपोर्टात घातलं. आणि १९७९ च्या जून महिन्यात दिल्लीहून मुलाखतीचं बोलावणं आलं. बायको पदवीधर असेल तर तिनंही प्रमाणपत्रं घेऊन यावं, असं त्यात खाली लिहिलं होतं. ती ओळ तेजरामनं वाचून दाखवली नाही. ललिताबाईंनी स्वतःच वाचली आणि आपली प्रमाणपत्रं दोघांच्या दिल्लीच्या प्रवासासाठी भरलेल्या पुऱ्यांच्या डब्याखाली ठेवली.

इथे सोमाजींच्या हातून एक चूक झाली. सोमाजी म्हणजे दोन तलावांखालच्या बांध्यांचा, म्हणजे भातखाचरांचा, मालक, धानाच्या बाबतीत कुणी त्यांचा हात धरणार नाही. पण मुलाखत हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. त्यांच्या आयुष्यात ज्याला बोलावणं आलं तो कामालाच गेला. रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, बाया बोलावतात त्या काय मुलाखतीला येतात? “दिल्लीवाल्यांनी बोलावलं म्हणजे घेतलं,” ते म्हणाले आणि गावाला जेवण घातलं. पळसाच्या पत्रावळींच्या पंगतींवर पंगती उठल्या. दंडार नाचणाऱ्यांचे ढोल घरापासून बसथांब्यापर्यंत वाजले. तेजरामच्या गळ्यात एवढे हार पडले की त्याला बसच्या दारातून आत जाता येईना. कंडक्टरनं दोन काढून ड्रायव्हरच्या आरशाला लटकवले.

तेजरामनं बापाला एकदा, अगदी हळू, सांगून पाहिलं, “बाबा, अजून पक्कं नाही.” सोमाजी म्हणाले, “तुया तोंडात पक्कं कायच नसते.”

पंगतीच्या बाबतीत गावाचा कायदा कडक असतो. ज्याच्या पाठवणीचं जेवण गावानं जेवलं, त्यानं गेलंच पाहिजे. तेरवीचं जेवण झाल्यावर मेलेला उठून बसला तर नातेवाइकांची जी पंचाईत होईल, तीच न गेलेल्याच्या घरच्यांची होते.

दिल्लीत मुलाखत घ्यायला आफ्रिकेतले तिघं जण होते. दोन पुरुष आणि डोक्याला सुरेख रुमाल बांधलेली एक धिप्पाड बाई, कुठल्याशा शाळेची मुख्याध्यापिका. तिघंही फार सौजन्यानं बोलले. त्यांनी तेजरामला म्हटलं, आम्ही तुमचे सातवीचे विद्यार्थी, आम्हाला हा धडा शिकवा. तेजराम तसा घाबरट नव्हता. धडा शिकवायचा म्हटल्यावर उलट त्याला हुरूप आला. त्यानं पुस्तक उघडलं, एक ओळ खणखणीत वाचली, पुस्तक छातीशी धरलं आणि त्या तिघांना म्हणाला, “म्हणजे काय, पोरंहो? एका गावात एक म्हातारा राहत होता.”

ते थांबून राहिले. तेजरामनं म्हातारा जास्त फोड करून सांगितला. तेव्हा त्यांतल्या एकानं विचारलं, ही कोणती भाषा? तेजराम म्हणाला, मराठी. तो गृहस्थ म्हणाला, आमच्या मुलांना मराठी येत नाही. आणि तेजराम, ज्याला हा मुद्दा आजवर सुचलाच नव्हता, त्यानं मनापासून आश्चर्यानं विचारलं, “मग त्यांना इंग्रजी समजतं कसं?”

हे तेजरामनंच बाहेर येऊन ललिताबाईंना सांगितलं, आणि वर म्हणाला, “तयारी नाही त्याईच्या पोराईची.”

थोड्या वेळानं ती मुख्याध्यापिका बाहेर आली. बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलेल्या बाईकडे पाहून तिनं विचारलं, तुम्ही पदवीधर आहात का? ललिताबाई आत गेल्या. त्यांनाही तेच सांगितलं, आम्ही सातवीतले. ललिताबाईंना शाळेत शिकवायचा सराव नव्हता, सराव होता दोन स्वयंपाकघरांमधला. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला, बाईंना दिला आणि त्यांच्याकडून परत मागितला. मग पेन मागितलं. मग तेजरामला भाषा विचारणाऱ्या त्या गृहस्थाला म्हटलं, आता तुम्ही यांच्याकडून पेन मागा. नाही देणार म्हणाले तर का ते विचारा. पाचेक मिनिटांत तिघं जण एकमेकांकडे वस्तू मागत होते, नाकारत होते आणि हसत होते. सबंध तासात म्हातारा कुठेच आला नाही.

निकाल तिथंच कळला. जागा ललिताबाईंना. राहायला घर. नवऱ्याला सोबत येता येईल, पण त्याला नोकरी नाही.

परतीच्या प्रवासात नागपूरला तेजराम म्हणाला, “बाया घ्याचा हुकूम असन त्याईले वरून.” भंडाऱ्याहून एसटीनं पूल ओलांडला, बस कारध्याला थांबली, तेव्हा तो एकदम उठला.

“मी पुष्पाकडं दोन दिवस रायतो. तू घरी सांगजो.”

“काय सांगू?”

“काहीतरी.”

त्या ‘काहीतरी’चं रुखमिणीबाईंनी पाच महिने पीक घेतलं. पहिल्या आठवड्यात ललिताबाईंनी स्वतःच्या तोंडानं विहिरीवर सांगितलं होतं की, हो, पोचले बरोबर. नवऱ्याची लाज झाकायची म्हणून सांगितलं, असं त्या मनाला म्हणत. पण त्या दिवशी बायांनी त्यांना आधी पाणी भरू दिलं, आणि ते त्यांना आवडलं होतं, हेही खरं. पुढचं सासूनं हाती घेतलं. कारध्याहून जावई दर पंधरा दिवसांनी निरोप घेऊन येई, त्या निरोपातून रुखमिणीबाईंची आफ्रिका तयार होई. जुलैत कारध्याला पूर आला, तर आफ्रिकेत पूर आला. तेजरामला ताप आला, तर तिकडची हवा मानवत नव्हती.

“अन् खाते काय हो तेजराम तिकडं?” बाया विचारत.

“वांगे खाते.”

“आफ्रिकेत वांगे?”

“अवो, गंज, पायजे तितके. नदीच्या काठानं वांगेच वांगे.”

कारध्याच्या नदीकाठची वांगी साऱ्या गावाला ठाऊक होती. बाया गंभीर चेहऱ्यानं मान हलवत. ललिताबाई त्या चेहऱ्यांकडे पाहत. एवढ्या गंभीर चेहऱ्यानं बाया फक्त हसू दाबतानाच ऐकतात.

ललिताबाईंच्या जागेचा कागद ऑगस्टमध्ये आला. जानेवारीत रुजू व्हायचं, नोव्हेंबर संपायच्या आत होकार कळवायचा. सोमाजींनी कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाले, “बाई पुढं अन् मानूस मागं, हे आमच्या घरी फक्त रोवण्यात चालते.” रुखमिणीबाई म्हणाल्या, कागद तेजरामचाच असणार, नाव चुकून सुनेचं पडलं. झालं. कागद ललिताबाईंच्या पेटीत गेला आणि पेटीवर रोज घड्या घातलेल्या गोधड्यांचा ढीग चढू लागला. शाळेतली तेजरामची जागा अध्यक्षांच्या भाच्याला गेली होती, तेव्हा इकडे काही उरलं नव्हतं. मंडईच्या आदल्या दिवशीचं भांडण हे असं ऑगस्टपासून गोधड्यांखाली दाबून ठेवलेलं होतं.

मंडईचा दिवस उजाडला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं येतात, दंडार होते, नाटक होतं. पण मुख्य म्हणजे पाहुणे येतात आणि सोयरिकी जुळतात. पोरीचा बाप दिवाळीपेक्षा मंडईची वाट जास्त पाहतो. दुपारच्या बसला सोमाजींनी सगळं घर बसथांब्यावर नेलं. ललिताबाईंच्या हातात सासूनं ओवाळणीचं ताट दिलं होतं.

बस आली. आधी कोंबड्यांची टोपली उतरली, मग दोन भांडेवाले, मग ट्रंक, मग तेजराम. अंगात जाड कोट, डोळ्याला काळा चष्मा, गळ्यात मफलर. ऊन चांगलं तापलं होतं. घाम चष्म्याखालून वाहत होता. कारध्याचं खाणं मानवलं होतं. कोटाचं मधलं बटन लागत नव्हतं. ललिताबाईंना क्षणभर वाईट वाटलं. मग त्याच्या अंगावर कसल्या तरी स्वस्त अत्तराचा वास आला आणि वाईट वाटायचं थांबलं.

पानठेल्यावरची मंडळी उठून पुढे आली.

“आले का मास्तर? विमान साकोलीले थांबते का लाखनीले?”

“नागपूरले,” तेजराम म्हणाला.

“अन् सिंह गिंह दिसतेत का?”

“दिसतात कधीमधी.”

“साजरं. आमाले तं नदीवर बगळेच दिसतेत.”

तेवढ्यावर पानवाला खाली वाकला आणि बराच वेळ चुन्याची डबी शोधत राहिला.

घरी ट्रंक उघडली. पावडरचे डबे, वासाच्या साबणाच्या वड्या, एक नायलॉनची साडी. साडीवर नागपूरच्या दुकानाची चिठ्ठी राहून गेली होती. रुखमिणीबाईंनी ती नखानं खरडली आणि तोंडात टाकली की काय कोण जाणे, नंतर सापडली नाही. मग पाहुणे आले.

पाहुणे लाखनीकडचे. मुलगा भोजराज, धानाच्या सोसायटीत कारकून, सगळा वेळ आपल्या बुटांकडे पाहत बसलेला. बोलायचं काम त्याच्या काकांकडे होतं. दादाजी नाव; सावकाश बोलणारे, सावकाश खाणारे. त्यांनी वडे खाल्ले, आणखी मागितले, तेही खाल्ले. शकुन, म्हणजे शकुंतला, पाटावर येऊन बसली, नाव सांगितलं, उठून गेली. मग सोमाजींनी घसा साफ केला.

“पोराले सुट्टीच नवती भेटत,” ते म्हणाले. “पन म्हटलं, बहिनीचं काम हाये. साता समुद्रावरून आला.”

दादाजींनी तेजरामकडे पाहिलं. तेजरामनं घरातही चष्मा काढला नव्हता.

“मास्तर,” दादाजी म्हणाले, “मागच्या बजाराच्या दिवशी तुमी हवा भरून देल्ली ते अजून टिकून आहे बरं.”

सोमाजींनी कान पुढे केला.

“भंडाऱ्याच्या बजाराले मी सायकलीनंच जातो ना,” त्यांनी सोमाजींना समजावून सांगितलं. “कारध्याच्या पुलापाशी चाक बसलं. तुमच्या जावयाचं दुकान तिथंच. जावई जेवाले गेले होते, मास्तर होते. चांगली भरतेत हवा. कडक.”

सोमाजींनी पंच्यानं तोंड पुसलं आणि पंचा तोंडावरच ठेवला. रुखमिणीबाई दाराआडून म्हणाल्या, “तो कोनी दुसरा असन. माणसासारखा मानूस रायते.” पण आवाज बसला होता. ताटं उचलायला आलेल्या ललिताबाई तिथंच उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, आता पाहुणे उठतील, शकुनचं मोडेल, आणि मोडल्याचं खापर त्यांच्यावर फुटेल. दिल्लीत नवऱ्याला सोडून स्वतः पास कायले झाली, असं सासू म्हणेल. वाक्यसुद्धा त्यांना ऐकू आलं.

दादाजींनी सुपारी कातरली. “काहून घाबरून राहिले तुमी? आमाले पहिल्यापासून मालूम आहे. साऱ्याईले मालूम आहे. जावई तुमचा पंक्चर काढता काढता सांगते. आमी का मास्तरसाठी आलो? आमी तं सुनबाईचं ऐकून आलो. दिल्लीवाल्याईनं निवडली म्हणे. कधी निघते ते?”

सोमाजींच्या पंच्याआडून एक डोळा बाहेर आला.

“जानेवारीत,” दाराआडून रुखमिणीबाई म्हणाल्या. आवाज परत आला होता. “आमीच म्हटलं तिले, जा माय. शिकलीस तं कायले?”

“आमच्या घरी बाईले पुढं करायची रीतच आहे,” सोमाजी पंचा काढत म्हणाले. “पयलेपासून.”

ललिताबाई हातात खरकटी ताटं घेऊन उभ्या होत्या. पाच महिन्यांत त्यांच्या ज्या जागेविषयी कुणी धड दोन शब्द बोललं नव्हतं, तिच्यावर आता सगळं घर बोलू लागलं. जुन्या बैलाची विक्री असावी तसं. पाहुण्यांनी सांगितलं, लग्न उन्हाळ्यात चालेल, तोवर तिकडून काही येईलच. सोमाजी म्हणाले, स्लॅबही उन्हाळ्यात टाकू, एका मांडवात दोन्ही कामं. रुखमिणीबाई आता दाराआडून चक्क बाहेर आल्या आणि म्हणाल्या, पोरगी मात्र माझ्यापाशी राहील. सुलूला त्या उन्हातान्हात कशाला, आणि आई परत यायला काहीतरी ओढ पाहिजे. हे शेवटचं त्या पाहुण्यांना हसत हसत म्हणाल्या, पण ललिताबाईंना त्यातलं हसणं सोडून बाकीचं नीट ऐकू आलं.

“अन् पगार तेजरामच्या हाती,” सोमाजी म्हणाले. “बाईमानूस, परका मुलूख. तो संग जाईन.”

तेव्हा तेजरामनं चष्मा काढला. नाकावर त्याचे दोन लाल वळ उमटले होते. पाच महिन्यांनी त्याला घरात पुन्हा जागा झाली होती आणि तो खाटेवर थोडा सरसावून बसला.

“मी सांभाळीन तिले,” तो दादाजींना म्हणाला. “भाषेची अडचन पडली तं मी आहोच.”

भोजराजनं पहिल्यांदा बुटांवरून नजर उचलली, तेजरामकडे पाहिलं, मग ललिताबाईंकडे पाहिलं, आणि पुन्हा बुटांकडे पाहायला लागला. पण त्याचे खांदे हलत होते. ललिताबाईंना वाटलं, पोरगा बरा आहे. शकुनला चालेल.

पाहुणे संध्याकाळच्या आत उठले. सोयरीक पक्की झाली, साखर वाटली. मंडईकडून ढोलांचा आवाज येत होता. सोमाजी, रुखमिणीबाई आणि तेजराम अंगणात बसून स्लॅब कुठून कुठवर घ्यायचा ते काडीनं जमिनीवर आखत होते. शकुन उंबऱ्यावर साबणाची वडी हुंगत होती. ललिताबाई आत गेल्या. गोधड्यांचा ढीग पेटीवरून खाली उतरवला, एकेक गोधडी पलंगावर ठेवली, पेटी उघडून कागद आणि पासपोर्ट काढले आणि बाहेर आल्या.

“मी उद्या सकाळच्या बसनं वरठीले जाते,” त्या म्हणाल्या. “तिथून होकार कळवते. सुलू माझ्यासंग येईन, तिचं नाव माझ्या पासपोर्टात आहे. पगार माझ्या हाती राहीन. शकुनच्या लग्नाले काय द्याचं ते मी अन् शकुन बसून ठरवू. स्लॅबचं मी कोनाले बोलली नाई.”

काडी जमिनीवरच थांबली.

“अन् मी?” तेजरामनं विचारलं.

“तुमाले याचं असन तं या. घर आहे, सोय आहे. पन तिकडं स्वयंपाक तुमाले करा लागन, मी शाळेत राहीन. नसन याचं तं पुष्पाबाईच्या इथं हवा भराले मानूस लागतेच.”

सोमाजी काही म्हणणार होते. ललिताबाई सुलूला हाक मारत मागं वळल्या आणि वळता वळता म्हणाल्या,

“अन् मामाजी, यावेळेस गावाले जेवन घालू नका.”